काकूंच्या गोष्टींची वेबसाइट

बाइंडरकाकांनी जन्मभर लोकांच्या पुस्तकांची सुटी पानं शिवली. बोटांना कायम खळ लागलेली. त्यांची बायको, सगळ्यांच्या काकू, वाचनालयात मुलांना गोष्टी सांगायच्या. भुताची गोष्ट रंगात आली की मागची मुलं सरकत सरकत पुढे यायची. "घरात मला बोलायला मिळत नाही, म्हणून मुकी पुस्तकं घेऊन बसतो," काका म्हणायचे, आणि काकू डोळे वटारायच्या.

काकू गेल्या, तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये त्या गोष्टींची रेकॉर्डिंग होती. काका मुलीकडून वेबसाइट करायला शिकले. काकूंच्याच नावाची. एकेक गोष्ट आधी पूर्ण ऐकायचे, मगच वर चढवायचे. वेबसाइटचं नाव नोंदवताना खरा पत्ता, खरा फोन नंबर भरला. ही माहिती लोकांपासून झाकून ठेवायची का, असं तिथे विचारलं होतं.

"झाकायला आपण काय चोरी केली आहे?" काका म्हणाले.

सगळ्या गोष्टी चढल्या आणि काकूंचा मोबाइल त्यांनी भाचीला देऊन टाकला. तिने तो पुसून वापरायला घेतला. कुठून कुठून लोक ऐकायला लागले, काकांना पत्रं लिहायला लागले. काकांचे दिवस जरा बरे जाऊ लागले.

मग एका दुपारी फोन आला. समोरच्या माणसाला काकांचं नाव, पत्ता, वेबसाइट, सगळं तोंडपाठ.

"काका, वेबसाइटची मुदत आज संपतेय. नाव जाईल तुमचं. आता एक कोड येईल, तेवढा वाचून दाखवा."

नाव जाईल, एवढंच काकांच्या कानात शिरलं. धडपडत चष्मा शोधून त्यांनी कोड वाचला. वर त्या माणसाचे आभारही मानले.

आठवड्याने मुलगी आली, तर काकूंच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती नाचत होत्या.

"बाबा, कॉपी कुठे ठेवली होतीत?"

"कॉपी कशाला? सगळं तिथेच तर होतं."

मुलगी त्यांच्या शेजारी बसली. "तुमचा नंबर उघडाच होता, बाबा. त्यांनी तिथूनच उचलला."

"ओरड गं मला," काका म्हणाले. ती ओरडली नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं: फायली पुसल्या गेल्यात, नाव दुसऱ्याच्या ताब्यात गेलंय. भाचीकडचा काकूंचा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानेही हात टेकले.

कुणाकडे गोष्टी आहेत का, असं वाचनालयाच्या बाईंनी आपणहून चार ठिकाणी विचारलं. तेव्हा एका टॅक्सीवाल्याचा निरोप आला. त्याची लेक काकूंच्या आवाजाशिवाय झोपायची नाही, म्हणून त्याने काही गोष्टी आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतल्या होत्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. भुताची त्यांत नव्हती.

आता नवी वेबसाइट आहे, दुसऱ्या नावाची. पत्ता, नंबर झाकलेला. गोष्टींची एक प्रत घरी, एक मुलीकडे, एक वाचनालयात. एखादी गोष्ट चढवली की काका तिन्ही प्रती स्वतः उघडून बघतात.

टॅक्सीवाल्याकडून आलेली एक गोष्ट अर्धीच उतरली होती. काकू "आणि मग..." म्हणतात आणि पुढे काहीच नाही.

"ही काढून टाकूया का?" मुलीने विचारलं. "ऐकणाऱ्याचा विरस होतो."

"राहू दे," काका म्हणाले. "शेवटी तिने श्वास घेतलेला ऐकू येतो."