ऋचाच्या वहीतलं वजन

विद्याधर साने यांच्याइतका हट्टी माणूस बंगळूरच्या अख्ख्या मल्लेश्वरममध्ये नसेल. यशवंतपूरजवळच्या एका संशोधन संस्थेत ते ससे सांभाळत. वीस वर्षांत शेकडो ससे त्यांनी शस्त्रक्रियेसाठी तयार केले. नियम एकच, आधी वजन, मग भुलीची सुई. कुणी अंदाजाने औषध भरायला लागला की म्हणत, "अंदाज भाजीतल्या मिठाचा करावा." मी जनावरांचा डॉक्टर, पण त्यांची बोलणी मीही खाल्ली आहेत. एकदा माणसासारखं सशालाही मी आदल्या रात्री उपाशी ठेवलं होतं म्हणून; सशाचं पोट रिकामं ठेवायचं नसतं.

त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात ते घरचाच ससा घेऊन माझ्या दवाखान्यात आले. हा कापूस, त्यांच्या मुलीचा, ऋचाचा. बायकोची बँकेतून नागपूरला बदली झाली, ऋचा आईबरोबर गेली, आणि प्रवास झेपणार नाही म्हणून ससा बापाकडे राहिला. दिवाळीला ती येणार होती. कापसाच्या पोटावर सुपारीएवढी गाठ आली होती आणि ती वाढत होती.

"वजन?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून वही काढली. "दोन किलो सहाशे."

दर रविवारी ऋचा त्यात कापसाचं वजन लिहायची. शेवटची तारीख सहा जूनची.

"साने, चार महिने झाले याला! तुम्ही वजन केलं नाहीत?"

"तिच्या अक्षराखाली माझं अक्षर लिहवेना हो."

काट्यावर दोन किलो शंभर भरलं. सान्यांचा चेहरा उतरला. वहीतल्या आकड्यावर सुई भरली असती तर कापूस कदाचित उठलाच नसता. "पोर गेल्यापासून धड खात नाही," ते पुटपुटले. त्यांच्या शर्टाची कॉलरही गळ्याभोवती सैल झाली होती.

नव्या वजनावर मी केटामिन आणि झायलझिन भरलं, मांडीत टोचलं. भुलीत सशाचे डोळे उघडेच राहतात, म्हणून सान्यांनी त्यांत मलम घातलं आणि छातीवर बोट ठेवून श्वास मोजत बसले. गाठ निघाली. मग टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली त्याच्या कुशीला ठेवली आणि वाट पाहायला लागलो. ससा खायला लागेपर्यंत तो वाचला असं सान्यांच्या लेखी नसतंच.

"अण्णा, स्वल्प कॉफी तरी घ्या," माझा मदतनीस देवाप्पा दोनदा म्हणाला. त्यांनी कपाकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी कापसाचं नाक हललं. मग मान वर झाली. बऱ्याच वेळाने त्याने कोथिंबिरीची एक काडी ओढली, आणि वीस वर्षं ससे हाताळलेला हा कठोर माणूस माझ्यासमोर रडला.

शेजारच्या एसटीडी बूथवर मीही त्यांच्याबरोबर गेलो. नागपूरला फोन लागला.

"खाल्लं त्याने," एवढंच ते म्हणाले.

पलीकडून ऋचाचा आनंदाने ओरडलेला आवाज मलाही ऐकू आला. मग ती म्हणाली, "आणि बाबा, तू जेवलास?"

सान्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तू ये," ते म्हणाले, "मग जेवतो."