खड्ड्याशिवाय मांडलेला माग

“नुसते हात हलवा मामा. फोटोत कुणाला कळतंय?”

प्रदर्शन भरवणाऱ्या मॅडम हसत म्हणाल्या. धाराशिवचा हॉल, चकचकीत फरशी, तिच्यावर माझा माग. मागं फलक होता, ‘आपलं राज्य : उद्योग, कला, हवामान’. त्यातली कला म्हणजे मी.

घोंगडीचा माग खड्ड्यावर चालतो. काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे आणि पायांखालच्या लाकडी पावड्या दाबायच्या. तेव्हा धागे वरखाली होतात, मधून आडव्या धाग्याचा धोटा जातो. अर्धं विणकाम पायांचंच. मी आधीच म्हणालो होतो, बाहेर मातीत जागा द्या, खड्डा मी खणतो. तर म्हणे हिरवळ खराब होईल.

मग मांडी घालून बसलो आणि रिकामा धोटा इकडून तिकडं फिरवला. तीन दिवस. पन्नाशी उलटलेला माणूस मी, बापानं शिकवलेल्या कामाचं सोंग करत होतो. का, तर घोंगडी घेणारं मॅडमच्या संस्थेशिवाय कुणी उरलं नव्हतं. आमच्याकडं पाऊस बेभरवशाचा, म्हणून माळ होते, माळावर मेंढरं होती. तामलवाडीकडचे मेंढपाळ घरपोच लोकर आणायचे. आता माळ नांगरले, सोयाबीन आलं. उरलीसुरली लोकर लोक बांधावर फेकतात.

तिसऱ्या दिवशी कुणी मोठे साहेब आले. दोन मिनिटं बघत राहिले.

“एवढंच? हे तर कुणीही करील.”

“हो ना सर,” मॅडम म्हणाल्या, “आम्हीच शिकवलंय ह्यांना.”

माझ्या अंगाची आग झाली. तरी हात हलतच होते, ह्याचीच आज जास्त चीड येते. शेजारी बायको सूत कातत होती. तिनं चरखा थांबवला.

“अवं, उठा की आता. आजून किती नाच दावायचा ह्यास्नी?”

उठलो. पाय बधिर झाले होते. साहेबांना म्हणालो, “म्या इथं बोटभर बी विणलं न्हाय. समदं खोटं हाय हे.”

त्यांना गंमत वाटली. हसले. मी सगळ्यांसमोर माग सोडवायला घेतला.

“पुढच्या ऑर्डरचं विसरा मग,” मॅडम हळूच म्हणाल्या.

ऑर्डर बंद झाली ती झालीच. आता दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपतो, संध्याकाळी मागावर बसतो. कंबर धरते. घोंगडी महिना-महिना पुरी होत नाही. थकलोय, खोटं कशाला सांगू.

परवा मॅडमचा फोन आला. यंदाही प्रदर्शनाला या म्हणे, मानधन वाढवलंय. मी नाही म्हणालो. ज्याला बघायचंय त्यानं माझ्या गावी, जळकोटला यावं, चपला काढून माझ्याजवळ जमिनीवर बसावं. माझ्याबरोबर हे काम मरायचं असेल तर मरू दे. पण मरेपर्यंत ते खरंखुरंच होईल.