प्रोटॉन घेऊन शाहूपुरीला

राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी अकरा वर्षं झाडलोट आणि चहापाणी केलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण लॅक्टेट पेशीतून बाहेर कसं पडतं ते मला पाठ आहे, कारण जीवशास्त्राचे सर तो धडा प्रत्येक बॅचला शिकवायचे आणि मी दर वेळी दाराशीच असायचे.

माणूस जोरात पळाला की स्नायूंच्या पेशींत लॅक्टेट साठतं. ते बाहेर पडलं तर दुसऱ्यांच्या उपयोगी येतं, हृदयसुद्धा ते खातं. पण पेशीच्या आवरणातून ते सहजी पार होत नाही. आवरणात एक दार असतं आणि ते दार लॅक्टेटला एकट्याला सोडत नाही. सोबत प्रोटॉन लागतो. प्रोटॉन म्हणजे आंबटपणाचा कण, असं सर सांगायचे. दोघं जोडीनं दारात आले की आतली बाजू मिटते, मग बाहेरची उघडते. दोन्ही बाजू एकदम कधीच उघड्या नसतात.

मला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच पटलं. मीही एकटी कुठं जात नसे. दळण आणायलासुद्धा शेजारची भाभी सोबत लागायची. भाभी ब्लाऊज शिवायची आणि माझ्या वाटचं बोलायचीही तीच. दुकानदार मला विचारायचा, उत्तर भाभी द्यायची.

सरांचं नुसत्या फळ्यावर भागत नसे. क्लास म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आधी लाकडी दार, मग चार पावलांचा पॅसेज, मग जिन्यावर उघडणारं जाळीचं दार. एके दिवशी सरांनी त्या फ्लॅटची पेशी केली. मुलं-मुली लॅक्टेट झाली. प्रोटॉन म्हणून पाटीभर लिंबं आणली आणि प्रत्येकावर लाल स्केचपेननं काहीतरी इंग्रजी अक्षर आणि अधिकची खूण काढली. दार मी.

"मावशी, तुम्ही काही बोलायचं नाही. प्रत्येकाच्या हातात लिंबू आहे का तेवढं बघायचं."

असं काम मला आवडलं.

त्याच दिवशी तीन वाजायच्या आत मला शाहूपुरीत पोचायचं होतं. मुलीचं तिथल्या कॉलेजातलं नर्सिंगचं अॅडमिशन अडलं होतं. तिचे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, म्हणून ऑफिसातल्या साहेबांना आईच्या तोंडून ऐकायचं होतं की मुलीला होस्टेलवर ठेवायला तयारी आहे. दोन वेळा तिला परत पाठवलं होतं आणि हा शेवटचा दिवस होता. मुलगी सकाळपासून तिथं रांगेत उभी होती. मी भांडी घासताना "तयारी आहे, तयारी आहे" म्हणून बघत होते. ऐन वेळी अडलं तर भाभी होतीच. ती दोन वाजता मला न्यायला येणार होती.

ती आली तेव्हा खेळ ऐन रंगात होता.

"चल गं. उशीर व्हायलाय."

सर पुढं आले. "लिंबू कुठाय?"

"लिंबू? मी काय मासं घेऊन आलोय व्हय?"

सर खूश झाले. मुलांना म्हणाले, "ह्या पायरुवेट. लॅक्टेटच्या घरातलंच दुसरं माणूस. दाराला दोघांत फरक कळत नाही, दोघंही ह्याच दारानं जातात." त्यांनी भाभीच्या हातात लिंबू दिलं आणि तिला आत घेतलं.

आत घेतलं, पण बाहेर काढता येईना. तोवर निम्मी बॅच लिंबं घेऊन जिन्यावर जमली होती. सर म्हणाले, "आता बाहेर गर्दी जास्त झाली. दाराला स्वतःची ताकद नसते. जिकडं गर्दी जास्त, तिकडून माल पलीकडं. चला, आत या." जिना आत यायला लागला. भाभी तीनदा पॅसेजपर्यंत पोचली आणि तीनदा लोंढ्याबरोबर परत आत गेली.

"ओ सर, मला भाईर जायचंय."

"तुमची इच्छा पेशीला कळत नाही."

"मग पेशीच्या मालकाला तरी कळू दे की."

सव्वादोन झाले. भाभी स्वयंपाकघराच्या दारातून सगळ्यांच्या डोक्यावरून ओरडली, "तू जा. एकटी जा. पोरगी थांबलीया तिथं."

मी जाळीचं दार उघडलं. सर म्हणाले, "मावशी, एकटं नाही," आणि माझ्या हातात लिंबू ठेवलं. त्यांनी ते थट्टेनं केलं नव्हतं. मीही थट्टा समजले नाही. लिंबू मुठीत घट्ट धरून चालत निघाले. बसनं जायचं तर कंडक्टरशी बोलावं लागतं.

ऑफिसात मुलगी टेबलाशीच उभी होती. साहेब म्हणाले, "बोला बाई."

मी सवयीनं शेजारी बघितलं, पण भाभी नव्हती. तीनला दहा कमी होते. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं आणि पेन पुढं केलं. "आधी सही करा, मग बोला." पेन धरायला हात मोकळा हवा, म्हणून मी लिंबू त्यांच्या पुढ्यात फॉर्मवरच ठेवलं.

साहेबांनी टेबलावरचे हात मागं घेतले. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच उतारे-अंगारे घरातून गेले. आमच्याकडं लिंबू फक्त पिळायला. त्याला कुणी भ्यावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"हे काय हाय?"

"प्रोटॉन."

"कुणी दिलं?"

"सरांनी. एकटीनं जाऊ नको म्हणाले."

"ह्याच्यावर लाल काय लिवलंय?"

"मला इंग्रजी वाचता येत न्हाई साहेब. सगळ्यांवर तसंच हाय."

"सगळ्यांवर म्हंजे?"

"पाटीभर हायत."

साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. "बाई, तुमचं म्हणणं काय हाय ते एकदा सांगा."

"तयारी हाय," मी म्हणाले.

त्यांनी सहीची वाटसुद्धा न बघता फूटपट्टीनं फॉर्म लिंबाखालनं ओढून घेतला आणि उभ्यानंच शिक्का मारला. "उचला ते. नीट घरी न्या. हितं कुठं ठिवू नका."

मुलगी जिन्यात मटकन बसली आणि पोट धरून हसली. "आई, तू त्यास्नी भ्या घातलंस की." मला त्या माणसाचं वाईट वाटलं. परत जाऊन सांगावं असं मनात आलं, पण त्यासाठी पुन्हा बोलावं लागलं असतं.

मुलीला घरी पाठवून मी क्लासवर आले तर सगळे अजून आतच. दार निघून गेल्यावर पेशीचं काय होतं, हे सर तेवढ्यात दाखवत होते. मुलांनी कंटाळून बाकीची सगळी लिंबं पिळून सरबत केलं होतं. भाभी एका मुलाच्या शर्टाला बटण लावत बसली होती.

"झालं?"

"झालं."

"कोण बोललं?"

"मी."

तिनं दातानं दोरा तोडला. "बरं. आता मला भाईर काढ."

सर पॅसेजमध्ये उभे राहून माझ्या हाताकडं बघत होते. सगळ्या फ्लॅटमध्ये आता तेवढंच लिंबू शिल्लक होतं. मी ते भाभीच्या हातात दिलं, लाकडी दार लावलं, जाळीचं उघडलं. ती उतरली. मग मी चपला घातल्या आणि मोकळ्या हातानं तिच्या मागनं गेले.