रविवारी गोफण बंद

"बाई, ती गोफण खाली ठेवा," सर बांधावरून म्हणाले. "अर्धा तास. फक्त अर्धा तास."

मी माळ्यावर उभी. गोफणीत गोटा भरेल. समोर कणसावर भोरड्या उतरून राह्यल्या होत्या, आन् बांधावर कालेजचे सर आन् त्याईच्या वर्गातले पोट्टे-पोट्ट्या डोयाले दुर्बिनी लावून चुपचाप. म्या गोफण खाली केली. भोरड्या खात राह्यल्या.

माहं काम होतं पाखरं हाकलाचं. बुलढाण्याच्या कालेजच्या आवारात ज्वारीचा प्लॉट होता. प्लॉट म्हंजे वावरच, पण बियाण्यासाठी ठेवेल. हायब्रीड ज्वारी तवा नवीनच निंघाली होती. बुटकी, आन् गावच्या ज्वारीच्या आंधी पिके. पाखराले दुसरं काय पायजे? साऱ्या शिवारात दाणा नाई आन् एकाच वावरात हाय, मंग सारं शिवार तिथंच उतरते. त्यात दाणा दुधात असला, म्हंजे नखानं दाबला का पांढरं दूध निघते तसा, तवा त पाखरू कोणाचं आयकतच नाई.

माळा म्हंजे चार बल्ल्या आन् वर फळ्या. दिवस निंघाच्या आंधी चढाचं, दिवस बुडल्यावर उतराचं. मधात हाका माराच्या आन् गोफण फिरवाची. इकडून उडवलं का तिकडं बसते. भाकरई उभ्यानंच खाल्ली म्या. मान सारखी फिरत राहे. अजूनई अंगणात चिमणी बसली का माहा हात कमरेले जाते, गोफण शोधाले.

फार्मचे साहेब जानेफळकडचे, म्हंजे माह्या माहेरच्या वाटेचे. त्याचा मले काई फायदा झाला नाई. त्याईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "गयाबाई, प्लॉट सांभाळला त बाजूची खोली तुही, कामई बारमाही. पाखरानं खाल्ला त दोन्ही गेलं."

माहे मालक वारले होते. सासू डोयानं आंधळी. त्या पत्र्याच्या खोलीबिगर आमाले कुठं जागा नव्हती.

सर दुसऱ्या खात्याचे, पुण्याकडचे. माहं बोलणं त्याईले अर्धं समजे. दर रविवारी सकाळी पोट्ट्याईले घेऊन सारं आवार फिरत, पाखरं पाहत, आन् शेवटी आमच्या विहिरीवर येऊन थांबत. विहिरीवर एक बाभूळ वाकेल होती. तिले सुगरणीचे खोपे लटकेल, आन् खोप्यात पिल्लं. ते पाहाले त्याईले लय आवडे. तेवढा वेळ मी चूप, आन् खोलीच्या दारात बसून डबा वाजवणारी माही सासूई चूप.

"कोण आलं वं?" सासू विचारे.

"कालेजचे हायेत, आत्याबाई. पाखरं पाहाले आले."

"काऊन? त्याईच्या घरी पाखरं येत नाईत का?"

पाखरू सकाळीच जास्त खाते. रविवार गेले तसा विहिरीकडचा कोपरा रिकामा होत गेला. एका सोमवारी साहेब आले. एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं. नुसता भुसा निंघाला.

"हे काय वं गयाबाई? झोपली होती का?"

"नाई साहेब. रविवारी सर गोफण बंद ठेवा म्हणते."

"मजुरी सर देते का तुले?"



साहेबाईनं वर बाभळीकडं पाह्यलं. "पाखराचं घरच आपल्या विहिरीवर ठेवलं त ते खाईन कुठं? सारे खोपे पाड. शनिवारपर्यंत. नाई त सामान बांध."

बांबूई त्याईनंच आणून देला.

खरं सांगते, मी पाडले असते. खोपा पाखराचा, पण खोली माही. पण सरायनं थे खोपे प्रिन्सिपॉल साहेबाले दाखवेल होते. म्या पाडले असते त सरायनं वर सांगितलं असतं, आन् वरून मले काढलं असतं. पाडले तरी खोली जाते, नाई पाडले तरी जाते. साऱ्या आठवड्यात मले चैन नव्हतं. बांबू माळ्याले टेकवून ठेवला होता. हाका मारू मारू त्याच्याकडंच पाहो.

शनिवारी बांबू घेऊन सरायच्या खात्याच्या व्हरांड्यात जाऊन उभी राह्यली.

"सर, हा बांबू घ्या. खोपे तुमच्या हातानं पाडा, नाई त साहेबाले तुम्हीच सांगा."

"अहो बाई, असं काय करता? पिल्लं आहेत त्यांत."

"माह्या खोलीत माही सासू हाय."

सर उठले. त्याईच्या संगं रविवारच्या पोट्ट्याईतली एक पोरगी होती, रोहिणखेडची, तीई मांगं आली. आमी साहेबाच्या हापिसात गेलो.

"तुमाले हौस हाय, सर," साहेब म्हणे. "मले बियाणं द्या लागते."

"दोन आठवडे थांबा. पिल्लं उडून जातील."

"दोन आठवड्यात मी काय कापू? नुसते धांडे?"

बोलू बोलू दोघंई माह्याकडं पाहून राह्यले, जशी काय पाखरं मीच माहेराहून आणली.

म्या म्हणलं, "सरायनं उद्या पोट्टे घेऊन यावं. पण पाहाले नाई, हाकलाले. चारी बाजूनं उभे राहा. पाखरू उडताना पाहा. बसेलच पाहावं असं काई हाय का?"

साहेब लय हासले. "हे बेस झालं. सर राखणदार! मंग राहू द्या खोपे, पिल्लं उडेपर्यंत."

सरायचं तोंड लाल झालं. मंग रोहिणखेडची म्हणे, "सर, मी वाजवते डबा. आमच्या वावरात लहानपणी हेच केलं म्या."

सर तिच्यासमोर नाई म्हणू शकले नाईत.

रविवारी दिवस निंघाच्या आंधी सारे हजर. सरायले गोफण पायजे होती. म्या देली. पहिलाच गोटा मांगं गेला आन् आमच्या पत्र्यावर धाडकन पडला. सासू दारातून ओरडली, "कोणाचा मुडदा हाय बे थो?" पोट्टे हासू हासू बेजार. हाका मारल्या, पण जराश्यात घसे बसले आन् दोघं-तिघं बांधावर टेकले.

"बसू नका," म्या वरून म्हणलं. "तुम्ही बसले का थे बसते."

उन्हं वर आली तवा सर घाम पुसत माळ्याखाली आले. "बाई, आज एकही भोरडी नीट पाहता आली नाही."

"मलेई नाई पाहता आली कधी," म्या म्हणलं.

पिल्लं उडेपर्यंत थे तसेच आले. रोहिणखेडची त मधातल्या दिवशीई कालेजच्या आंधी येऊन विहिरीकडं उभी राहे. ज्वारी कापली. विहिरीकडचा कोपरा गेला थो गेलाच, बाकी प्लॉट भरला. साहेबाईनं कोपऱ्यावरून मले बोलून घेतलं. पण खोली राह्यली. कामई राह्यलं. सासू त्याच खोलीत सुखानं गेली.

उन्हाळ्यात खोपे रिकामे होते तवा साहेबाईनं बाभळीच्या वाकेल फांद्या तोडल्या. सर काई दिवस त्याईच्यासंगं बोलले नाईत. सुगरणी खालच्या विहिरीवर गेल्या, आन् तिथून आमच्याच प्लॉटात दाणा खाले आल्या.

सरायचं रविवारचं फिरणं चालूच राह्यलं. पण आवारात शिरले का आंधी माळ्याखाली येत. "बाई, दाणा दुधात आहे का?" हाव म्हणलं का पोट्टे घेऊन दुसऱ्या वाटेनं जात.

दोन साहेबाईचे दोन हुकूम आले त मधात उभं राहून रडू नये. दोघाईले एका माळ्यावर चढवावं.