श्रेयनामावलीतलं जपानी नाव

कॅम्प दोन या सिंधी वस्तीत कापडाच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. आम्ही मोबाइलवरचे गेम बनवायचो. त्यातला एकच थोडाफार चालला. पुराच्या पाण्यातून भाताचं बियाणं डोक्यावर घेऊन पळणाऱ्या मुलीचा. त्याच्या जाहिरातीसाठी तीन मिनिटांची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी धर्तीची कार्टून फिल्म करायची, ही कल्पना माझी होती. पुढे जे झालं तेही मीच केलं.

चित्रांसाठी बुवापाड्यातली एक बाई मिळाली. तिशीतली, शाळांचे तक्ते रंगवणारी. तिची अट एकच होती. "सर, शेवटी दिग्दर्शक म्हणून माझं नाव पाहिजे. ते दाखवून मला स्टुडिओत काम मागता येईल."

"अहो, त्यात काय," मी म्हणालो.

आठ महिने ती काढत राहिली. मधेच आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बदलापूरला आत्याकडे गेली आणि तीन दिवस बांधावर बसून आली. "सर, आपली मुलगी चुकीची पळते. चिखलातून पाय सरळ वर येत नाही. आधी टाच फिरते, मग तो सुटतो." तिने सगळा प्रसंग पुन्हा काढला. उशीर होतोय म्हणून मी कुरकुरलो.

फिल्म पाहून माझा सिंधी भागीदार हसला. "साईं, ये तो पक्का जपान का माल लगता है. लेबल लगा दो, कौन पूछेगा!" एवढं बोलून तो चहाला खाली गेला. आमच्या गल्लीत शिवलेल्या जीन्सला मागच्या खोलीत परदेशी लेबल लागायचं, त्याचं कुणालाच काही वाटत नसे. मलाही वाटलं नाही. मी बसून तीन जपानी नावं जुळवली. तिचं नाव पूर्ण काढलं, कारण एका मराठी नावानेही बिंग फुटलं असतं. तिला आधी सांगायचं ठरवलं होतं. चार दिवस ती समोरच्या टेबलावर होती. सांगितलं नाही.

फिल्म बघायला ती आत्याला घेऊन आली. आत्या नवं लुगडं नेसून, खुर्चीच्या कडेला बसलेली. शेवटी नावं सरकू लागली.

"तुजा नाव कवा येल गो?"

"येईल. शेवटी असतं."

पडदा काळा झाला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी उगाच कॉम्प्युटरची वायर तपासू लागलो. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

फिल्म इंटरनेटवर टाकली. लोकांना आवडली. एकाने लिहिलं, चिखलातून पाय कसा निघतो ते बघा, इतकं बारीक जपानीच बघू जाणे. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. भागीदार हसला नाही. "मैं तो मजाक कर रहा था, यार. तूने सच में लगा दिया?"

दोन वर्षांनी गेम बंद पडला. आता गमावण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा मला सचोटी सुचली. मी इंटरनेटवरच्या फिल्मची नावं बदलली, दिग्दर्शक म्हणून तिचं नाव टाकलं आणि आधीची नावं खोटी होती असं खाली लिहिलं. वाटलं, तिचा फोन येईल.

फोन आला. "सर, माझं नाव काढा."

"अहो, पण काम तुमचंच आहे."

"मला सांगताय? लोक लिहितात, हिने जपान्याचं चोरलं. परवा एका स्टुडिओत गेले होते. त्यांनीही हेच विचारलं."

"मी बोलतो त्यांच्याशी. खरं काय ते सांगतो."

"तुम्ही सांगणार?" ती हसली. त्या हसण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "राहू द्या. तेवढं नाव काढा. मी फोन धरते."

मी कॉम्प्युटर उघडला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी तिला हाक मारली. ती "आले" म्हणाली, पण फोनवरून हलली नाही. मी नाव खोडलं.

"झालं?"

"झालं."

तिने स्वतः उघडून खात्री केली आणि मगच फोन ठेवला.