ताट मीच तिच्या हातात दिलं

हे मी घरातही कधी बोलले नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

कोरेगावात आमचं मुलींचं खो-खो मंडळ आहे. मी तिथली महिला प्रमुख. "काकू हायत न्हवं, मग पोरीला बिनघोर धाडतो," आया म्हणायच्या, आणि मी सुखावायचे. कुणाला नाही आवडणार?

त्या वर्षी मंडळाला सरकारी अनुदान मिळायचं होतं आणि अधिकारी बाई पाहणीला येणार होत्या. आमच्याकडे रीतच आहे — सगळ्यांत गुणी खेळाडूनं आधी पाहुण्यांना ओवाळायचं, मग खो-खो शिकवणाऱ्या सरांना. त्या वर्षी ज्या पोरीचा हा मान होता, तिनं पाहुण्यांना ओवाळलं. सरांपुढे आली, थांबली आणि ताट टेबलावर ठेवलं.

"यांना मी ओवाळणार न्हाई. ह्ये मला एकटीला मागं थांबवत्यात. अंगाला हात लावत्यात."

त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. हार बाजूला ठेवून त्या तिला शेजारी घेऊन बसल्या, सगळं ऐकलं, पोलिसांना बोलावलं. सर तुरुंगात गेले. मुलींची तक्रार ऐकणारी समिती नेमेपर्यंत आमचं अनुदानही त्यांनी अडवून धरलं. बरं झालं.

बाईंनी मला विचारलं होतं, "तुमच्या कानावर काहीच नव्हतं?"

"असतं तर गप्प बसले असते का?" मी म्हणाले. तीही तिथंच होती.

खोटं होतं ते. आठवडाभर आधी ती माझ्या स्वयंपाकघरात आली होती. मी लसूण सोलत होते. तिनं मला हेच सगळं सांगितलं — रडत, अडखळत. आणि मी? "एवढी पाहणी होऊ दे, मग बघू," म्हणाले. वर ओवाळणीचं ताटही तिच्याच हातात दिलं. दुसरीला दिलं तर लोक विचारतील, ही का नाही?

पुढे त्या समितीची अध्यक्ष मलाच केलं. मी झालेही.

आता ती मिरजेला मुलींना खो-खो शिकवते. तिच्यामुळे आमच्या मैदानावरच्या कितीतरी पोरी वाचल्या. मी तिची ऋणी आहे, अगदी मनापासून. त्या पोरींच्या आया मात्र अजून माझेच आभार मानतात, आणि मी मान हलवते.