उसावर पळणारी गाडी

आमच्या शेजारचा मिस्त्री बॉनेट उघडलं की आधी भाषण ठोकतो, मग पान्हा शोधतो. राहात्याच्या एका ठेकेदाराची लाल स्पोर्ट्स कार त्यानं इथेनॉलवर केली. "काका, पेट्रोलपेक्षा लई ताकद! आपला ऊस हाय आतमंदी," असं रस्त्यानं जाणाऱ्यालाही थांबवून सांगायचा. ताकद वाढली असेल, पण चाचणीला काढल्यावर पुढं उसाची ट्रॉली आली की ती गाडी बैलगाडीच्याच चालीनं जायची.

थंडीतल्या एका सकाळी ठेकेदार मित्रांना घेऊन गाडी न्यायला आला. मित्रांनाही आपल्या गाड्या अशाच करून घ्यायच्या होत्या. हार घातला, नारळ फोडला, पण गाडी चालू होईना.

"गारठ्यात इथेनॉल लवकर पेटत न्हाई. घोटभर पेट्रोल पायजे," मिस्त्री म्हणाला. मित्रांची जीप डिझेलची. मिस्त्रीनं स्वतःची मोटारसायकलही इथेनॉलवर केलेली, तीही गारठलेली.

"म्हाताऱ्याच्या दारात स्कूटी हाय की. काढ त्यातलं," ठेकेदार म्हणाला.

ती माझ्या बायकोची. ती गेल्यापासून मी फक्त पुसतो. टाकीत तिनंच भरलेलं पेट्रोल आहे. मी तोंड उघडायच्या आत मिस्त्रीनं झाकण काढलं, आत बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि झाकण लावलं.

"कोरडी हाय, सायेब."

"मंग कुठंय तुझी ताकद?" मित्र खिदळले. गाडी ढकलत नेली. त्यांच्या गाड्या काही आल्या नाहीत.

संध्याकाळी मी त्याला चहा दिला, तर पुन्हा उसाच्या ताकदीवर सुरू झाला. पहिल्यांदाच मी सगळं ऐकून घेतलं.